मुखवटा नक्की कोणापासून?

(जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या व्याख्यानात मी प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधली गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगितली होती. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. आणि ग्लॉकन विचारतो, की कोणी पाहणारच नसेल, तर माणूस न्यायाने कशाला वागेल? ते व्याख्यान संपल्यावर चहा घेताना एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, तुमचा ग्लॉकन ठीक आहे, पण आमच्या घरात पोरं उलटा माणूस पाहतात. तो तोंड झाकतो आणि मग न्याय करतो." मी विचारलं, कोण हो? ते म्हणाले, "डेअरडेव्हिल. आणि धंद्याने वकील आहे बरं का."

घरी गेलो आणि नातवाला विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आजोबांना इतक्या उशिरा कळलं याची त्याला कीव आली असावी. पण त्यानेच मला मालिका दाखवली, जुन्या कॉमिक्सचे संग्रह आणून दिले. दोन महिने मी ते वाचत होतो. आज त्यावरच बोलणार आहे. तुमच्यातल्या काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने सत्तरी ओलांडल्यावर हे काय आरंभलं! पण थोडं ऐका. आणि शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, ती चारचौघांत मी आजवर सांगितलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६४ साली अमेरिकेत स्टॅन ली आणि बिल एव्हरेट या दोघांनी हे पात्र तयार केलं. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधला मुलगा. एका म्हाताऱ्याला ट्रकखाली जाताना वाचवतो आणि त्या अपघातात किरणोत्सारी द्रव्य डोळ्यांत जाऊन आंधळा होतो. पण बाकीची ज्ञानेंद्रियं विलक्षण तीक्ष्ण होतात. पुढे तो वकील होतो, फॉगी नेल्सन नावाच्या मित्राबरोबर भागीदारीत वकिली करतो. दिवसा काळा चष्मा आणि पांढरी काठी घेऊन कोर्टात उभा राहतो, आणि रात्री लाल पोशाख, शिंगांचा मुखवटा घालून गुंडांना बडवतो.

माझ्या पिढीला यात फार नवल नाही. शाळेत असताना आम्ही जालन्यात भाड्याने पुस्तकं आणायचो आणि बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार नि काळापहाड भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातले नायकही कायद्याच्या कडेकडेने चालायचे. पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. काळापहाडाने कधी कोर्टात वकीलपत्र दाखल केलं नव्हतं. मर्डॉक हा कायद्याच्या घरातला माणूस आहे. त्याने कायद्याची शपथ घेतलेली आहे. म्हणून त्याचा मुखवटा हा नुसता गमतीचा मामला राहत नाही.

आता पहिल्याच अंकातली एक गोष्ट पाहा. मॅटचा बाप मुष्टियोद्धा होता. त्याने मुलाकडून वचन घेतलेलं असतं, की तू हाणामारी करायची नाहीस, शिकायचंस. बापाचा खून होतो. मुलाला सूड घ्यायचाय, आणि वचनही मोडायचं नाही. मग तो काय करतो? तो म्हणतो, वचन मॅट मर्डॉकने दिलंय. मारामारी मॅट मर्डॉक करणारच नाही. दुसराच कोणीतरी करेल. आणि तो दुसरा कोणीतरी म्हणजे डेअरडेव्हिल.

मला ही जागा वाचून हसू आलं आणि लगेच थांबलं. कारण ही शुद्ध वकिली पळवाट आहे. शब्द पाळला, अर्थ मोडला. आपण समजतो की मुखवटा शत्रूपासून बचावासाठी आहे. या कथेत तो आधी बापापासून बचावासाठी आहे. म्हणजे ज्याला आपण उत्तर देणं लागतो, त्याच्यापासून. म्हणून आजचा माझा प्रश्न एवढाच आहे, की मुखवटा नक्की कोणापासून?

वकिलाचा काळा कोट हाही एक पोशाखच आहे. तो घातला की माणूस स्वतःचा राहत नाही, पक्षकाराचा होतो. पण त्या कोटाखाली नाव असतं. वकीलपत्रावर सही असते, सनदेचा क्रमांक असतो. चुकलं तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात कलम ३५ आहे, त्याखाली त्या नावाच्या माणसाची चौकशी होऊ शकते, सनद जाऊ शकते. बार कौन्सिलच्या नियमांत तर असंही आहे, की समारंभाचे अपवाद सोडले तर गाऊन नि बँड कोर्टाबाहेर मिरवायचे नाहीत. का? तर त्या पोशाखाचा अधिकार त्या आवारापुरता आहे. आणखी एक नियम आहे. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होण्याची शक्यता दिसते, त्यात वकील म्हणून उभं राहू नये. आता मर्डॉकचा विचार करा. रात्री ज्याला पकडलं त्याच्याच भानगडीतला खटला दुसऱ्या दिवशी टेबलावर येतो. तो साक्षीदार आहे, कधी फिर्यादी असल्यासारखा आहे, कधी स्वतःच आरोपी व्हायला हवा, आणि उभा आहे वकील म्हणून. समोरच्या बाजूला हे माहीत नाही, न्यायाधीशाला माहीत नाही, आणि बऱ्याचदा स्वतःच्या पक्षकारालाही माहीत नाही.

गुपित आहे म्हटल्यावर ते फुटणारच. या मालिकेच्या साठ वर्षांत ते अनेकदा फुटलं. त्यातले तीन प्रसंग मी निवडलेत, कारण माझ्या मते या पात्राबद्दल जे काही म्हणण्यासारखं आहे ते या तिन्हींच्या फरकात आहे.

पहिला १९८६ चा. फ्रँक मिलरने लिहिलेली आणि डेव्हिड मॅझुकेली याने चित्रं काढलेली 'बॉर्न अगेन' ही कथा. मर्डॉकची जुनी मैत्रीण कॅरन पेज व्यसनात बुडालेली असते. ती एका नशेपुरत्या मालासाठी त्याचं नाव विकते. ते नाव किंगपिन नावाच्या गुन्हेगारी सम्राटापर्यंत पोचतं. तो ते जाहीर करत नाही. खिशात ठेवतो. मग खोटी साक्ष उभी करून मर्डॉकची वकिली घालवतो, पैसे अडकवतो, घर उडवून देतो. लोकांना वाटतं, एका वकिलाचं नशीब फिरलं. जग त्याच्या बाजूने उभं राहू शकत नाही, कारण काय घडतंय हे जगाला माहीतच नाही. गुपिताचा हा पहिला धडा. जे फक्त शत्रूला माहीत असतं, ते त्याच्या हातातलं शस्त्र होतं. सगळ्यांना माहीत असेल तर त्याची धार जाते.

दुसरा प्रसंग २००२ चा. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस, चित्रकार अॅलेक्स मालीव. या वेळी नाव एका खपाऊ वर्तमानपत्राकडे जातं आणि ठळक मथळ्यात छापून येतं. दारात वार्ताहर, कॅमेरे. आता तो काय करतो? तो नाकारतो. एवढंच नाही, त्या वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो. बातमी खरी आहे, हे त्याला माहीत आहे. त्याच्या भागीदाराला माहीत आहे. तरी दावा.

नातवाला मी म्हटलं, "अरे, हा तर कायदेशीर गुंडगिरी करतोय." तो म्हणाला, "आजोबा, पण नाही केलं तर त्याची माणसं मरतील ना!" नातवाचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. नाव उघडं पडलं तर शेजारी, मित्र, प्रेयसी, सगळे धोक्यात येतात. पण पाहा, त्याच्या हातात तोंड बंद ठेवण्याचाही मार्ग होता. त्याने तो घेतला नाही. ज्या न्यायासनासमोर रोज खरं बोला म्हणून साक्षीदारांना शपथ घालतो, त्याच न्यायासनाला त्याने आपल्या खोट्याचं साधन केलं. रस्त्यावर एखाद्याचा जबडा मोडणं वाईटच. पण वकिलाच्या बाबतीत मला हे जास्त वाईट वाटतं. जबडा मोडला तो कायद्याच्या बाहेर. इथे तो कायद्याच्या आत बसून कायदा मोडतोय.

माझ्या विषयातला एकच संदर्भ देतो, घाबरू नका. कांटने १७९५ मध्ये चिरशांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या परिशिष्टात तो एक कसोटी देतो. मराठीत साध्या शब्दांत सांगायची तर अशी : दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेली एखादी कृती करताना आपलं धोरण उघडपणे सांगता येत नसेल, सांगितल्याबरोबर ते कोसळत असेल, तर ते धोरण अन्यायाचं आहे. आता ही कसोटी मर्डॉकला लावा. 'मी दिवसा तुमचा वकील आहे आणि रात्री तुमच्या विरोधकाला मारून कबुलीजबाब घेतो.' ही पाटी ऑफिसच्या दारावर लावता येईल? नाही. लावली की धंदा बंद. कांट म्हणेल, तर मग उत्तर मिळालं.

पण कांटचं इथे पूर्ण समाधान होत नाही, हेही मान्य करायला हवं. ज्या राज्यात पाटी लावणाऱ्याला रात्रीत उचललं जातं, तिथे उघडपणा हा न्यायाचा निकष कसा धरायचा? त्याकडे मी येतो. आधी तिसरा प्रसंग.

२०१४. लेखक मार्क वेड, चित्रकार क्रिस सॅमनी. 'सन्स ऑफ द सर्पंट' नावाची एक वंशद्वेषी संघटना न्यायव्यवस्थेत आतपर्यंत शिरलेली आहे. ते मर्डॉकला धमकावतात, की आमच्या मनासारखं वागलं नाहीस तर तुझं नाव फोडू. म्हणजे पुन्हा तेच १९८६ चं शस्त्र. या वेळी तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि शपथेवर सांगतो, की होय, डेअरडेव्हिल मीच. धमकीचा दारूगोळा तिथल्या तिथे भिजून जातो. आणि किंमत? न्यूयॉर्कमधली त्याची सनद जाते. भागीदाराचीही जाते. त्याला ते शहर सोडून सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं, तिथे जुनी परवानगी असते म्हणून वकिली करता येते.

माझ्या मते साठ वर्षांच्या या मालिकेतला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे. यात कोणी कोणाला गुद्दा मारत नाही. त्यात एक माणूस आपलं नाव आपल्या कृतीच्या खाली लिहितो. १९८६ मध्ये नाव विकलं गेलं, २००२ मध्ये छापलं गेलं आणि त्याने ते नाकारलं. २०१४ मध्ये त्याने ते स्वतः उच्चारलं. बापाला फसवून जी पळवाट काढली होती, ती पन्नास वर्षांनी त्याने स्वतःच बुजवली.

इथे मला आपल्याकडचा एक खरा वकील आठवतो, बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी. १८ मार्च १९२२, अहमदाबाद. राजद्रोहाचा खटला, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. गांधींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा द्या असं सांगितलं. सहा वर्षं झाली. ते येरवड्याच्या तुरुंगात असतानाच त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपलने त्यांचं नाव आपल्या पटावरून काढून टाकलं. ते परत घेतलं गेलं १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. कायदा मोडणारा हा वकील होता. पण मोडताना त्याने नाव सांगितलं, कलम कबूल केलं, शिक्षा मागून घेतली. सनद गेली तर जाऊ दिली. वेडच्या कथेतला मर्डॉक त्या एका दिवसापुरता या वाटेवर येतो. म्हणून तो मला आवडतो.

दुर्दैवाने व्यापारी मालिकेला असा शेवट परवडत नाही. पुढच्या काही वर्षांत लेखक बदलला आणि चमत्कार होऊन सगळं जग त्याचं नाव विसरलं. मुखवटा पुन्हा शाबूत. हा नवा लेखक चार्ल्स सूल, आणि तो स्वतः वकील आहे. त्याने २०१७ मध्ये एक फार हुशार कथा लिहिली. मुखवटा घातलेल्या माणसाला नाव न सांगता कोर्टात साक्ष देता यावी का, हा प्रश्न त्या कथेत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जातो, आणि निकाल मुखवट्याच्या बाजूने लागतो. वाचताना मजा येते. युक्तिवादही चांगले आहेत. पण मला ते पटलं नाही. का, ते सांगतो.

आपल्या कायद्यातही चेहरा झाकायची सोय आहे. बलात्कारातल्या पीडितेचं नाव छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेत त्यासाठी २२८ अ हे कलम होतं, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये आली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती मान्य केली. त्यात गरज पडली तर साक्षीदाराची ओळख झाकता येते. पण या सगळ्या ठिकाणी झाकलेला चेहरा कोणाचा आहे? ज्याला मार बसलाय किंवा बसू शकतो, त्याचा. आणि तोही न्यायाधीशापासून झाकलेला नाही. डेअरडेव्हिल हा मार खाणारा नाही, मार देणारा आहे. मार देणाऱ्याला मार खाणाऱ्याचं संरक्षण द्यायचं, ही त्या कथेतली चलाखी आहे. उद्या आपल्याकडे कोणी म्हणालं, की लाठी चालवणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी नसली तरी चालेल, त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तर आपण काय म्हणू?

२०२५ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत हा गुंता आणखी दुखरा झालाय. हेक्टर आयाला नावाचा एक साधा कुटुंबवत्सल माणूस आहे. तो रात्री 'व्हाइट टायगर' म्हणून लोकांना मदत करतो. एका पोलिसाच्या मृत्यूचा आळ त्याच्यावर येतो. मर्डॉक त्याचा वकील. हेक्टरची दुसरी ओळख खटल्यात येऊ द्यायची नाही असं ठरलेलं असतं. पण साक्षीदार उलटतो, खटला हातचा जातोय असं दिसतं, आणि मर्डॉक भर कोर्टात हेक्टरचा मुखवटा काढतो. ज्यूरी त्याला निर्दोष सोडते. आणि सुटल्यावर रात्री रस्त्यात त्याला कोणीतरी गोळी घालतं.

आता हे दृश्य नीट पाहा. मुखवटा घालणारे दोघे आहेत. एक आरोपी, एक वकील. वकिलाने आरोपीचा काढला, आपला ठेवला. मालिकेत यावर दुःख आहे, अपराधभाव आहे, पण हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, की दुसऱ्याचं गुपित सार्वजनिक करण्याचा अधिकार तुला आहे, तर तुझ्या गुपिताला वेगळा न्याय का? माझी या मालिकेवरची मुख्य तक्रार हीच आहे. ती मर्डॉकच्या वेदनेवर इतकी रेंगाळते, की त्याच्या जबाबदारीला वेळच उरत नाही.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, की सर, हे सगळं कोर्ट चालतं अशा देशात ठीक आहे. आमच्या तारखा पडत राहतात. हा आक्षेप मी टाळणार नाही. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत काय झालं, ते आठवा. कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादवला भर कोर्टात ठार मारलं. वर्षानुवर्षं त्या वस्तीने त्याची दहशत सोसली होती, तक्रारी करून थकली होती. त्या दिवशी जमाव मिरचीपूड आणि सुऱ्या घेऊन गेला. आणि पोलीस काहीजणींना पकडायला लागले, तेव्हा सगळी वस्ती म्हणायला लागली, की आम्ही सगळ्यांनी मारलंय, आम्हाला सगळ्यांना धरा. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे सुटले.

मी त्या बायकांना दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांची फिर्याद घेतली नाही, ती पहिली आरोपी. पण एक तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट दिसते. 'आम्ही सगळ्यांनी' हाही एक मुखवटाच होता. फक्त तो एकीने दुसरीला वाचवण्यासाठी घातला होता. त्याच्यामागे शेजारधर्म होता. आणि तोच मुखवटा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला की काय होतं, तेही आपण पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे आले अशी अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. तिथेही कृती कोणा एकाची नव्हती. 'सगळ्यांची' होती. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जमाव सारखेच दिसतात. म्हणून चांगल्या जमावावर विसंबून राहता येत नाही.

मग उघडपणा अशक्य असेल तेव्हा काय? मघाशी कांटबद्दल जो प्रश्न सोडला होता, तो हा. साताऱ्याचं पत्रीसरकार घ्या. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी. ते भूमिगत होते. वेषांतर होतं, टोपणनावं होती, रात्रीचे प्रवास होते. आणि त्यांनी न्यायदान मंडळंही चालवली. जमिनीचे, कर्जाचे, नांदवण्याचे तंटे गावात बसून सोडवले. आता तिथे मुखवटा होता ना? होता. पण कोणापासून? इंग्रज सरकारपासून. गावापासून नव्हता. ज्याच्यावर निवाडा व्हायचा त्याला समोर कोण बसलंय हे ठाऊक असायचं, आणि निवाडा गावासमोर व्हायचा. उद्या तोच माणूस त्याच गावात भाकरी मागायला येणार होता. चुकीचा निवाडा केला तर गावाने दार लावलं असतं.

मी पत्रीसरकारचं सरसकट गुणगान करत नाही. तळपायावर काठ्या मारण्याच्या शिक्षेवरूनच ते नाव पडलं असं म्हणतात, आणि त्या शिक्षेवर अपील नव्हतं. तो दोष राहतोच. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. जुलमी सत्तेपासून चेहरा झाकणं ही एक गोष्ट. ज्यांच्यावर आपण सत्ता चालवतो त्यांच्यापासून चेहरा झाकणं ही दुसरी. पहिलीला कधी कधी पर्याय नसतो. दुसरीला कधीच क्षमा नाही.

आणि आपल्या मराठवाड्याला तर तिसराही मार्ग माहीत आहे. हे जालना तेव्हा निजामाच्या संस्थानात होतं. रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना संस्थानातल्या अनेक वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला. त्यांनी मुखवटा घातला नाही, कोट उतरवला. इथे न्याय मिळत नाही, म्हणून आम्ही या इमारतीत येणार नाही, असं दिवसाउजेडी सांगितलं. ज्या वकिलाचा कोर्टावरचा विश्वास उडालाय, त्याला हा प्रामाणिक मार्ग खुला असतो. मर्डॉकला मात्र दोन्ही हवं असतं. कोर्टावर विश्वासही नाही, आणि कोर्टातली खुर्चीही सोडायची नाही.

आता माझी गोष्ट. चाळीसेक वर्षं झाली. मी एका महाविद्यालयात नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती. परीक्षेच्या कामात माझ्या लक्षात आलं, की काही मुलांचे गुण मागाहून वाढवले गेलेत. मीच दिलेले गुण होते, म्हणून मला कळलं. मला राग आला, आणि भीतीही वाटली. एका रविवारी कार्यालयात बसून मी टंकयंत्रावर वरिष्ठांना तक्रारीचं पत्र लिहिलं. खाली सही केली नाही. 'एक हितचिंतक' असं लिहिलं.

निनावी पत्र. त्याचं जे व्हायचं तेच झालं, दप्तरात पडलं. गुण होते तसेच राहिले. पण पत्र कुठून आलं याचा शोध मात्र झाला. त्या यंत्राचा 'र' थोडा वर उमटायचा. ते यंत्र वापरायचे आमचे एक कारकून, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. संशय त्यांच्यावर गेला. त्यांची वेतनवाढ रोखली गेली, त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. मी रोज त्या खोलीवरून वर्गात जायचो. कांट शिकवायचो. मी बोललो नाही. पुढच्या वर्षी माझी नोकरी कायम झाली.

अण्णा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या गावी गेलो. अंबडच्या पलीकडे त्यांचं शेत होतं. मी सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत होते, ते सोलतच राहिले. म्हणाले, "सर, मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या पत्रात चार ठिकाणी 'किंबहुना' होतं. आपल्या हापिसात किंबहुना कोण म्हणतं?"

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

अण्णा आता नाहीत. मी न्यायाच्या बाजूने होतो, यात मला आजही शंका नाही. गुण वाढवले गेले होते, पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. पण मी वरिष्ठांपासून लपायला गेलो आणि लपलो अण्णांच्या आड. कॉमिक वाचताना २००२ च्या त्या अंकापाशी, जिथे मर्डॉक खऱ्या बातमीवर दावा ठोकतो, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नातवाला वाटलं आजोबा कंटाळले.

त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. हे व्याख्यान लिहून येईल तेव्हा तो वाचेल. त्याने मागे एकदा विचारलं होतं, की मर्डॉकने २०१४ मध्ये नाव सांगितलं ते शहाणपण होतं का? तेव्हा मी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. आता देतो. शहाणपण होतं की नाही मला माहीत नाही, त्याची सनद गेली, शहर गेलं. पण त्या दिवसानंतर त्याच्या कृत्याचा मार दुसऱ्या कोणी खाण्याचं कारण उरलं नाही.

इथे थांबतो. पुढच्या वेळी प्रश्न आणा, आणि चिठ्ठीवर लिहून आणणार असाल, तर खाली नाव लिहा. नमस्कार.